खाण सावरायला किती पैसे लागतात?

जयपूरच्या ज्योतीनगरातल्या विद्युत भवनातून राजस्थान राज्य विद्युत उत्पादन निगमाचा कारभार चालतो. निगमाच्या औष्णिक केंद्रांना कोळसा पुरवणारी त्याची स्वतःची खाण मात्र राजस्थानात नाही. परसा ईस्ट–केते बासन नावाची ही खाण छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यात, हसदेव अरण्यात आहे. (तालुक्याचं नाव उदयपूर, त्यामुळे जयपुरात बसून कागद वाचणाऱ्याची घटकाभर गल्लत व्हायची!) 2013पासून तिथे कोळसा निघतोय. खाण चालवायचं काम अदानी समूहाकडे आहे. क्षेत्र सुमारे 2,711 हेक्टर, त्यात 1,898 हेक्टर वनजमीन.

कोळसा संपल्यावर ही जमीन सावरायचा खर्च मालकाने टाळू नये, म्हणून त्याच्याकडून आधीपासूनच पैसे बाजूला काढून घेतले जातात. ते किती, हे ठरवायची आपली रीत अगदी सुटसुटीत आहे. कोळसा मंत्रालयाने 2009मध्ये उघड्या खाणीसाठी हेक्टरी 6 लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी 1 लाख रुपये असा दर ठरवला. पुढे 2019च्या भावपातळीवर हेच आकडे 9 लाख आणि दीड लाख झाले. दराला क्षेत्राने गुणायचं, खाणीच्या आयुष्याच्या वर्षांनी भागायचं आणि येणारा हप्ता दरवर्षी 5 टक्के चक्रवाढीने वाढवत न्यायचा. पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात जमा होतात आणि कोल कंट्रोलरच्या परवानगीशिवाय मालकाला त्यांना हात लावता येत नाही.

नुसता हिशेब कळावा म्हणून हे आकडे बसवून पाहू. निगमाने प्रत्यक्षात किती भरले, याच्याशी त्याचा संबंध नाही. 2,711 गुणिले 9 लाख म्हणजे सुमारे 244 कोटी. आयुष्य 30 वर्षं धरलं तर पहिला हप्ता 8 कोटी 13 लाखांचा, दहाव्या वर्षी साडेबारा कोटींच्या वर आणि शेवटचा साधारण साडेतेहतीस कोटींचा.

गणित दहा मिनिटांत झालं. पण त्यात माती कुठेच आली नाही, आणि खाण सावरण्यातला मोठा खर्च असतो तो मातीचाच. वणी-चंद्रपूरकडे ज्यांनी ओबीचे डोंगर पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. कोळशावरचा मुरूम, खडक, माती म्हणजे ओबी. सुरुवातीला ती टाकायला खाणीत जागाच नसते, म्हणून बाहेर डंप उभा राहतो. फोडलेला खडक फुगतो, त्यामुळे जेवढ्या जागेतून निघाला तेवढ्यात तो पुन्हा मावत नाही. पुढे कोळसा काढून झालेल्या भागात ओबी भरत जातात. हे काम रोजच्या उत्पादनातच होऊन जातं, म्हणून खाण नीट चालली तर हेक्टरी दर पुरूही शकतो. शिवाय शेवटचा खड्डा पाण्याचा तलाव म्हणून ठेवायची सोय असते.

खाण मध्येच बंद पडली तर? समजा, त्या दिवशी 100 हेक्टरांचा, सरासरी 50 मीटर खोल खड्डा उघडा आहे. म्हणजे 5 कोटी घनमीटर पोकळी. ओबी उचलून, वाहून, पसरायला घनमीटरला 50 रुपये धरा (दर माझा, गृहीत). बिल 250 कोटींचं. हेक्टरी दराने त्याच 100 हेक्टरांसाठी 9 कोटी!

अमेरिकेत 1977च्या कायद्याने मालकाकडून घ्यायच्या तारणाचा हिशेब इथूनच, म्हणजे सर्वांत वाईट दिवसापासून सुरू होतो. मालक पळाला आणि सरकारला तिऱ्हाईत कंत्राटदार लावून काम पुरं करावं लागलं, असं धरायचं. खाणीच्या आराखड्यातून, खड्डा सर्वांत मोठा आणि भरणी सर्वांत मागे पडलेली असेल, ती वेळ शोधायची. मग डंप ते खड्डा अंतर किती, चढ किती, कुठला डोझर नि किती डंपर, एका फेरीला किती मिनिटं, असं मोजत घनमीटरचा दर काढायचा. त्यावर वरची सुपीक माती पसरणं, पेरणी, इमारती पाडणं. शेवटी यंत्रं आणण्या-नेण्याचा खर्च, कंत्राटदाराचा नफा, अभियंत्याची फी आणि अडीअडचणीची तरतूद. मालक स्वतःच्या यंत्रांनी स्वस्तात करू शकतो, हा युक्तिवाद इथे चालत नाही, आणि ते मला रास्त वाटतं; मालक असता तर तारणाची गरजच कशाला पडली असती?

पैसे सोडायची रीतही वेगळी. आपल्याकडे 2013च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर पाच वर्षांनी काम तपासून जमा पैशांपैकी 80 टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळू शकत होती. तिकडे भरणी आणि सपाटीकरण झाल्यावर 60 टक्क्यांपर्यंत तारण सुटतं, पुढचा वाटा हिरवळ धरल्यावर. उरलेली रक्कम शेवटच्या पेरणीनंतर किमान पाच वर्षं, आणि कमी पावसाच्या मुलखात दहा वर्षं, अडकून राहते.