काम सुटल्यावरचे घर

गिरणीचा भोंगा आता ऐकू येत नाही. एके काळी मुंबईत परळ, लालबाग, वरळी, शिवडी या भागांत तो पहाटेपासून वाजत असे. एक भोंगा झाला की माणसे उठत. दुसरा झाला की डबा घेऊन चालू लागत. सकाळी 7 वाजता पहिली पाळी सुरू होई. घरात घड्याळ नसले तरी चालत असे.

आपल्या कोकणातली किती घरे या भोंग्यावर चालली, त्याला मोजदाद नाही. मुंबईत ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी 1856 साली सुरू झाली. तेव्हापासून सव्वाशे वर्षे रत्नागिरीकडचे, साताऱ्याकडचे पुरुष गिरणीत जात राहिले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे गावी राहिली. महिन्याच्या महिन्याला पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येई. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येई. असे घर चालत होते.

मग 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत त्याचे पुढारी होते. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप किती दिवस चालेल? कोणी म्हणे पंधरा दिवस, कोणी म्हणे दोन महिने. तो वर्ष उलटले तरी मिटला नाही. मिटल्याचे कोणी कधी जाहीरही केले नाही. काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, काही बंदच पडल्या. लाखाहून अधिक माणसांना पुन्हा कामावर घेतलेच नाही.

त्या माणसांत माझे काका होते. ते 1958 साली, अठरा वर्षांचे असताना मुंबईला गेले. चोवीस वर्षे साचेखात्यात काम केले. मी त्या वेळी नुकताच मास्तर झालो होतो. त्यांचे घर आमच्या घराला लागून. त्यामुळे काम सुटल्यावर घरात काय काय होते, ते मी रोज डोळ्यांनी पाहिले. तेच तुम्हांला सांगतो. संपात चूक कोणाची, ते सांगायला मी बसलेलो नाही.

पहिले पंधरा दिवस मजेचे गेले, असेच म्हणायला हवे. काका आले म्हणून काकीने कोंबडी कापली. शेजारीपाजारी येऊन बसले. मुंबईच्या गोष्टी झाल्या. महिना झाला. पाऊस पडला. लावणी उरकली. लोक वाटेत विचारू लागले, "काय, कधी निघणार?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण ज्याला विचारले, त्याला ते काट्यासारखे लागते. गणपती झाल्यावर काकांनी देवळाकडे जाऊन बसणे सोडले. दुकानात जायचे तर मुलाला पाठवीत.

ते पहाटे चारलाच उठत. उठून करायचे काय? पडवीत बसत. विडी ओढीत. चुलीकडे काकीची धावपळ चाललेली असे. पाणी, शेण, दूध, भाकरी, मुलांची शाळा. तिला हाताशी माणूस हवा होता आणि माणूस पडवीत बसलेला होता! पण तिने सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. वीस वर्षांत ती दोघे सलग दोन महिने एका घरात राहिली नव्हती. एकमेकांच्या सवयी त्यांना ठाऊकच नव्हत्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वीस वर्षे ते घर काकीने चालवले होते. कोणत्या शेतात काय पेरायचे, कोणाची उधारी आधी द्यायची, सोयरिकीत काय बोलायचे, हे सगळे ती ठरवी. काका घरचे कर्ते, पण ते मनिऑर्डरपुरते. आता कर्ता रिकाम्या हाताने घरी आला. त्याला वाटे, आपले कोणी ऐकत नाही. तिला वाटे, हे उगाच मध्ये पडतात. मग मिठावरून भांडण, कंदिलाच्या रॉकेलवरून भांडण, चहाच्या साखरेवरून भांडण. साखर हे निमित्त. खरे दुखणे दुसरेच असते.

मी स्वतः 58 व्या वर्षी शाळेतून निवृत्त झालो. तारीख आधीपासून ठाऊक होती, पेन्शन होती, हारतुरे झाले. तरी साडेदहा वाजले की माझे पाय शाळेकडे वळत. मग ज्याची तारीखच कोणी सांगितली नाही, पेन्शनही दिले नाही, त्याचे काय होत असेल? म्हणून काकांच्या रागाचा मला आता राग येत नाही. तेव्हा येत असे.

आता पैशाकडे वळू. ही गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे.

काका दोन वर्षे वाट पाहत राहिले. मध्ये तीन वेळा एस.टी.ने मुंबईला जाऊन आले. शेवटी 1984 साली गिरणीत हिशेब घ्यायला गेले. तिथे एका कारकुनाने छापील कागद पुढे केला. म्हणाला, "इथं अंगठा करा, पैसे लगेच मिळतील." काकांना वाचता येत नव्हते. त्यांनी अंगठा केला. कागदावर काय होते? 'मी माझ्या खुशीने राजीनामा देत आहे.' मी पुढे ती नक्कल वाचून दाखवली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या एका ओळीने काय बिघडले ते पाहा. मालकाने कामगाराला काम नाही म्हणून कमी केले, तर कायद्याने त्याला नुकसानभरपाई द्यावी लागते. नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, असा तिचा हिशेब आहे. एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार, तो वेगळा. पण जो स्वतः राजीनामा देतो, त्याला ही भरपाई मिळत नाही. काकांची चोवीस वर्षांची भरपाई मागायचा हक्क त्या अंगठ्याखाली गेला.

ग्रॅच्युइटी मात्र गेली नाही. ती राजीनामा दिला तरी मिळते. कायम कामगाराची पाच वर्षे नोकरी झालेली असली म्हणजे झाले. हा कायदा 1972 साली झाला. त्याचा हिशेब सोपा आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जो महिन्याचा पगार होतो, त्याला 26 ने भागायचे. तो एका दिवसाचा पगार. त्याला 15 ने गुणायचे. मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचे.

काकांचा शेवटचा पगार 780 रुपये होता. 780 ला 26 ने भागले की 30 येतात. 30 गुणिले 15 म्हणजे 450. 450 गुणिले 24 म्हणजे 10,800 रुपये. तुम्हीही पाटीवर करून पाहा. आजचा पगार मोठा असेल, पण रीत तीच आहे.

याखेरीज प्रॉव्हिडंट फंड. तो कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा आणि त्यात मालकाने घातलेला पैसा. त्यावर व्याज. तो कामगाराचाच असतो, कोणी उपकार करीत नाही. हल्ली यात निवृत्तिवेतनही आहे. दहा वर्षे नोकरी भरली असेल, तर वयाच्या 58 व्या वर्षापासून ते मिळू शकते. काम सुटले म्हणून फंडाचा नंबर टाकून देऊ नये. बायकोला तो पाठ असावा.

सगळे मिळून काका 26,000 रुपये घेऊन घरी आले. त्या काळी केवढी रक्कम! आमच्या वाडीत एवढे पैसे कोणी एकत्र पाहिले नव्हते. आणि आता ती कशी गेली तेही ऐका. संपातल्या दोन वर्षांची दुकानाची उधारी 5,000. ती द्यायलाच हवी होती. घराच्या आढ्याला आणि कौलांना 6,000. तेही गळत होते, खरे. मग एक नातेवाईक आले. त्यांना धंद्यासाठी 3,000 दिले, ते आजतागायत आलेले नाहीत. सत्यनारायण, गावजेवण, नवे कपडे, मुंबईच्या मित्रांचा पाहुणचार, यांत 4,000. चार महिन्यांत 18,000 रुपये संपले.

उरलेले 8,000 काकीने मागून घेतले. मागून म्हणजे काय, भांडून घेतले. म्हणाली, "तुमचा घाम आहे, मला ठाऊक आहे. पण आता हे पोस्टात जाणार." ती मला बरोबर घेऊन पोस्टात गेली. खाते दोघांच्या नावाने उघडले. तिने सही केली. सही तिला आमच्या शाळेतल्या रात्रीच्या वर्गात आली होती, तीही वेलांट्या चुकवून!

घरी येऊन आम्ही हिशेब केला. भात घरचे, नाचणी घरची. तेल, मीठ, चहा, साखर, रॉकेल, कापड, औषध, वह्या-पुस्तके मिळून महिन्याला 250 रुपये लागत. 8,000 ला 250 ने भागले तर 32 येतात. म्हणजे 32 महिने. काका आकडा ऐकून म्हणाले, "म्हणजे पावणेतीन वर्षंच?" काकी म्हणाली, "म्हणजे पावणेतीन वर्षं!" आकडा दोघांचा एकच होता. पण मला वाटते, त्या रात्रीपासून घरातला आवाज थोडा बदलला. किती आहे ते कळले की भीतीला कुंपण पडते. कळत नाही तोवर ती सगळ्या घरभर फिरते.

दुसरे एक संकट टळले, तेही सांगितले पाहिजे. थोरला मुलगा आठवीत होता. काका म्हणाले, "शाळा पुरे, हॉटेलात लावू." काम सुटलेल्या घरात पहिली कुऱ्हाड शाळेवर पडते, कारण मूल उलट बोलत नाही. मी रागावलो. मोठ्या माणसावर रागावू नये, पण रागावलो. मुलगा शिकला. पुढे आय.टी.आय. झाला.

दारूचे सांगू की नको, असा विचार करीत होतो. सांगतोच. एक पावसाळाभर काका पीत होते. परत आलेले चार-पाच गिरणीकामगार एकत्र जमत आणि गिरणीच्या गोष्टी काढीत. त्यांना दारूपेक्षा त्या गोष्टींची तहान होती, असे माझे मत आहे. गावात त्यांची ती भाषा कोणाला कळणार? धोटा, ताणा, बाणा, तिसरी पाळी, जॉबर. काकीने एक युक्ती केली. त्या सगळ्यांना संध्याकाळी आपल्याच खळ्यात चहाला बोलवायला सुरुवात केली. दारू लगेच सुटली नाही. पण कमी झाली आणि पुढे सुटली. सगळ्यांची सुटली असे मात्र नाही. त्यांतला एक तीन वर्षांत गेला.

दुसऱ्या वर्षी काकी काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. काजूच्या टरफलाचे तेल हातांना लागते, कातडी काळी पडते, सोलवटते. ती हातांना राख लावून जाई. आता घरात दिवसा कोण? काका! त्यांना साधी पेजही करता येत नव्हती. चोवीस वर्षे खानावळीत जेवलेला माणूस! पहिल्या दिवशीची पेज कुत्र्याने खाल्ली. महिनाभराने कुळथाची पिठी चांगली जमू लागली. भाकरी शेवटपर्यंत गोल झाली नाही. वाडीतले लोक हसले. "मुंबईवाला चूल फुंकतोय," म्हणाले. काका एक दिवस म्हणाले, "साचा चालवला तेव्हा कोण हसलं नाही. चूल काय वेगळी?"

आणि हातांना खरे काम त्याच सुमारास सापडले. साचेवाल्याची बोटे गाठीत तरबेज असतात. सूत तुटले की क्षणात गाठ मारायची, आणि ती गाठ कापडात दिसता कामा नये. काका काथ्याची दावी, शिंकी, दोर वळू लागले. त्यांच्या दोराची गाठ सुटत नाही, असे आठवड्याच्या बाजारात लोक म्हणू लागले. पैसे किती मिळत? गिरणीच्या पगाराच्या चौथाईइतकेही नाहीत. खोटे कशाला सांगू? पण बाजाराच्या दिवशी ते पहाटे चारला उठत, तेव्हा उठायला कारण असे. 32 महिन्यांचे पैसे त्या घराला सहा वर्षे पुरले.

हे सगळे जुने झाले, असे तुम्ही म्हणाल. पण मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा आमच्या गावात मुंबईहून आणि पुण्याहून तरुण मुले परत आली. कारखान्यातली, हॉटेलातली, गाड्यांवरची. त्यांतल्या काहींची कामे कायमची गेली. मी पाहिले, ती मुलेसुद्धा महिन्याभराने देवळाकडे यायची बंद झाली. एकाला मी त्याचा नेमणुकीचा कागद आणायला सांगितले. त्याच्याकडे कागदच नव्हता. तो कंत्राटदाराकडे होता. पगाराची पावतीही नव्हती. कायदा त्याच्यासाठीही आहे. पण तू कामाला होतास हे दाखवायचे कशावरून? म्हणून कामाला लागल्या दिवसापासूनचा प्रत्येक चिटोरा घरी जपून ठेवावा, आणि जो कागद वाचून कळत नाही त्यावर सही करू नये. "उद्या करतो" असे म्हणून घरी आणावा. एका दिवसाने कोणाचे पैसे बुडत नाहीत.

काकांचे कागद काकीने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. त्यात गिरणीचा पास होता, तिकीट नंबर होता, फंडाची पावती होती. काका वारले. पुढे सरकारने गिरणीकामगारांना मुंबईत घरे द्यायचे ठरवले. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, त्याला किंवा त्याच्या वारसाला अर्ज करता येत होता. पुष्कळांकडे पुरावाच नव्हता. काकीने डबा उघडला आणि पास काढून दिला. थोरल्याने अर्ज भरला. घरांची पहिली सोडत 2012 साली निघाली. या घराचा नंबर अजून लागलेला नाही. काकी आता पुष्कळ थकली आहे. पोस्टमन दारावरून गेला की विचारते, "काही आलं का रे?" पास पुन्हा त्याच डब्यात ठेवला आहे, आणि डबा कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.