लाख किलोमीटर चाललेली छोटी टर्बो मोटार : घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात मिरजोळ्याचे एक बागायतदार आमच्या कार्यालयात आले. कलमांना मोहोर फुटू लागला होता; तेव्हा तुडतुड्यांवरील औषधाविषयी विचारावयास आले असावेत, असे प्रथम वाटले. परंतु त्यांच्या हातातील पिशवीत एका जुन्या मोटारीचे कागद होते. "साहेब, तुम्ही आठ वर्षे अशीच गाडी वापरता. ही घेऊ की नको, एवढेच सांगा," ते म्हणाले. गाडी छोटी, डिझेलची, टर्बो बसविलेली. १,३८,००० किलोमीटर चाललेली. किंमत पावणेतीन लाख. ही रक्कम म्हणजे त्यांची मागील हंगामाची शिल्लक होती. तिच्यातूनच चालू सालच्या फवारण्या, खोकी व राखण्याची मजुरी भागवावयाची होती. ऐन मार्चात इंजिन बसले, तर गाडी जाईल आणि फवारणीवाचून मोहोरही जाईल, हे उघड होते.

हा प्रश्न आता अनेकांपुढे येतो. एक बाग लांज्याच्या बाजूस, दुसरी खाडीकाठी, व्यापारी कोल्हापुरास, अशी ज्यांची विभागणी आहे, त्यांना मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. गावोगाव फिरणाऱ्या ग्रामपंचायतीच्या व कृषि विभागाच्या कर्मचाऱ्यांचीही तीच स्थिती आहे. म्हणून त्या गाडीच्या निमित्ताने जे पाहिले व त्यापूर्वी स्वतःच्या चुकीने जे शिकलो, ते येथे देत आहे.

विहिरीवरील जुने किर्लोस्कर इंजिन बहुतेक शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. वडिलांनी बसविलेले इंजिन मुलगा चालवितो, हे आपण पाहतो. त्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाचा सिलिंडर सुमारे ५५० घन सेंटिमीटरचा असून ते मिनिटास १,५०० फेऱ्या करते. म्हणजे लिटरमागे नऊ अश्वशक्तीच्या आसपास. आता मोटारीकडे पाहा. फियाटच्या रचनेचे १,२४८ घन सेंटिमीटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन पुणे जिल्ह्यात रांजणगाव येथे तयार होत असे. मारुतीच्या स्विफ्ट गाडीतही ते २००७ पासून मिळू लागले. त्याची शक्ती ७५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे ६०. चाकणला तेव्हा तयार होत असलेल्या पोलो गाडीत २०२० मध्ये आलेले एक लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन तर ११० अश्वशक्तीचे होते. एवढ्याशा धातूकडून एवढे काम घ्यावयाचे, तर देखभालीत विहिरीवरच्या इंजिनासारखी ढिलाई चालणार नाही.

ही जादा शक्ती येते ती टर्बोमुळे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. पाटाच्या पाण्यावर पाणचक्की फिरावी, तशी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर एक छोटी चक्री फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाची चक्री बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. हवा अधिक, म्हणून इंधनही अधिक जाळता येते. छोट्या टर्बोची चक्री मिनिटास दोन लाखांच्या घरात फेऱ्या करू शकते. तिचा दांडा बहुतेक गाड्यांत तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. एका बाजूस सातआठशे अंश उष्णतेचा धूर, पेट्रोलच्या इंजिनात त्याहूनही अधिक, आणि मध्ये तेवढा तो तेलाचा थर. तेल स्वच्छ व पुरेसे असेल तर टर्बो इंजिनाइतकाच टिकतो. तेल काळे, दाट किंवा कमी झाले की पहिला बळी त्याचाच जातो.

येथे एक हिशेब करून पाहावा. कंपनीच्या पुस्तिकेत तेल बदलण्याची मुदत किलोमीटरांत दिलेली असते. मोकळ्या महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर चालण्यास इंजिनास सुमारे १६७ तास लागतात. आपल्याकडील वळणे, चढ आणि वाडीवाडीवर थांबणे यांमुळे सरासरी २५ वर आली, तर तेच अंतर कापण्यास ४०० तास लागतात. आकडा तोच, काम अडीचपटीच्या जवळपास. शिवाय चारपाच किलोमीटरांच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत आतील ओलावा उडून न जाता तेलात मिसळतो. पुस्तिकांतूनही अशा कष्टाच्या वापरासाठी मुदत कमी सांगितलेली असते. पण ते बारीक अक्षर कोण वाचतो? माझ्या मते आपल्या भागात दर ७,५०० किलोमीटरांस किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, तेल व त्याची गाळणी बदलावी. तेल पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच असावे. ट्रॅक्टरसाठी आणलेले उरले म्हणून ते मोटारीत ओतू नये.

माझी चूक अशी झाली. कामानिमित्त कोल्हापुरास जाताना साखरप्याहून आंबा घाट चढावयाचा, माथ्यावर आंबा गावी चहासाठी थांबावयाचे आणि गाडी थांबताच चावी फिरवावयाची, हा माझा अनेक वर्षांचा क्रम होता. चढावर लालबुंद झालेल्या टर्बोतील तेलाचा ओघ त्याच क्षणी बंद पडे. आत अडकलेले तेल जागच्या जागी करपे. तेल बदलण्याची मुदतही मी 'एवढा हंगाम जाऊ दे' म्हणून दोनदा पुढे ढकलली. ९६,००० किलोमीटरांवर त्याच घाटात शिट्टीसारखा आवाज आला, मागे निळा धूर पसरला आणि गाडीचा जोर गेला. तेलाची बारीक नळी करपलेल्या थराने जवळजवळ बुजली होती. टर्बो बदलावा लागला. दीड महिन्याचा पगार गेला. मोठा चढ चढून आल्यावर एकदोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवले असते आणि तेल वेळेवर बदलले असते, तर हे घडते ना.

टर्बो फुटून इंजिनाचे तेलच सिलिंडरात शिरू लागले, तर डिझेल इंजिन त्या तेलावर बेफाम धावू लागते व चावी काढूनही थांबत नाही. असे क्वचित होते. तशा वेळी पाय ब्रेकवर घट्ट दाबावा, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून थांबते. बॉनेट उघडून आत हात मात्र घालू नये.

आता त्या बागायतदारांची गाडी. आम्ही ती पाहावयास गेलो तेव्हा मालकाने ती आधीच चालू करून ठेवली होती. हा पहिला संशय. गाडी नेहमी सकाळी, थंड इंजिन असताना पाहावी. दुसऱ्या दिवशी न कळविता गेलो. सुरू करताच पुढच्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज दोनतीन सेकंद आला. तेलाची हेळसांड झालेल्या इंजिनात टायमिंगची साखळी सैल पडते, तेव्हा असा आवाज येतो. तेलाचे झाकण काढले, तर आत काळ्या लोण्यासारखा थर. इंजिनात थंडाव्याच्या द्रवाऐवजी साधे विहिरीचे पाणी, गंजाने तांबूस झालेले. हवेची गाळणी आपल्या तांबड्या मातीने भरलेली. ती मातीच पुढे चक्रीची पाती झिजविते. मेकॅनिककडून टर्बोची नळी काढवून दांडा हाताने हलवून पाहिला, तो आडवा स्पष्ट हलला. नळीचा रबर उंदरांनी कुरतडलेला होता, तो भाग निराळा. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरणे येथे नवल नाही, आणि त्याचा दोष मालकास देता येणार नाही. तेल बदलल्याची एकही पावती नव्हती. किलोमीटरांचा आकडा मागे फिरविता येतो. पावत्यांची मालिका बनविणे त्याहून कठीण. ती गाडी घेऊ नये, असे मी सांगितले.

भारत स्टेज ६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांविषयी स्वतंत्र विचार हवा. त्यांच्या धुराच्या मार्गात काजळीची गाळणी असते. ती लांबच्या, सलग धावेत आपोआप जळून स्वच्छ होते. रोज घर ते कार्यालय एवढेच चालणाऱ्या गाडीत हे काम अर्धवट राहते, डिझेल तेलात उतरते आणि कांडीवर तेलाची पातळी वाढलेली दिसते. तेल वाढले म्हणून आनंद मानू नये. ते पातळ झालेले असते व तत्काळ बदलावे लागते. ज्यांचे फिरणे गावापुरतेच आहे, त्यांनी अशी डिझेल गाडी न घेता पेट्रोलची घ्यावी. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनास मात्र वरच्या गिअरात, कमी फेऱ्यांवर चढाला लावून पाय दाबून रेटू नये. त्याने सिलिंडरात अवेळी ज्वलन होऊन पिस्टनास इजा पोहोचते.

त्या बागायतदारांनी महिन्याभराने दुसरी गाडी घेतली. तीही डिझेलची, चाललेली त्याहून अधिक, १,६२,००० किलोमीटर. परंतु पहिल्या मालकाने प्रत्येक पावती जपलेली आणि थंड इंजिन पहिल्याच फिरकीत शांत सुरू होणारे. किंमतही चाळीस हजारांनी कमी पडली, म्हणून त्या वर्षीच्या फवारण्या चुकल्या नाहीत. या चैत्रात त्यांच्या पडवीत बसलो असता त्यांनी फवारणीची वही पुढे केली. पुढच्या पानांवर औषधे व तारखा, आणि मागील पानापासून उलट्या लिहिलेल्या गाडीच्या नोंदी. शेवटची नोंद १,८९,४०० ची होती : तेल व गाळणी बदलली, मागील वेळेपासून अर्धा लिटर कमी झाले होते, धूर नाही.