प्लेटांखालचे रान

‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ हे आम्ही परभणीकर छाती फुगवून सांगतो. का म्हणतात, ते मात्र कुणालाच धड सांगता येत नाही. अलीकडे या म्हणीला एक खरा आधार मिळाला आहे. वर सौर प्लेटा आणि खाली पीक, ही कल्पना १९८१ साली जर्मनीत अडॉल्फ गोएट्झबर्गर आणि आर्मिन झास्ट्रो यांनी मांडली. आज परभणीत सनसीड एपीव्ही कंपनीचा १.४ मेगावॉटचा असा प्रकल्प आहे. त्यातल्या पिकांच्या अभ्यासात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि जर्मनीची जीआयझी ही विकास-सहकार्य संस्था सहभागी आहेत.

हे विद्यापीठ १९७२ चे, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या वर्षीचे. इथे विजेची गोष्टसुद्धा पाण्यापासूनच सांगावी लागते. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे वीजघर १९६८ पासून आहे : साडेसात मेगावॉटचे तीन संच. धूर नाही, राख नाही; पण धरणाने तळ गाठला की वीजही गेली. शेजारच्या परळीत वीज होते ती कोळशावर, तरी तिची नाडी पाण्यातच. सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून गोदावरीचे पाणी तिकडे जाते. २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून ते केंद्र बंद पडले. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारने कोळशाच्या जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली. आता हिशेब करा. पाच एचपीची मोटार कोळशाच्या विजेवर आठ तास चालली की साधारण तीस युनिट जळतात. म्हणजे विहिरीतले पाणी उपसण्यासाठी दुसरीकडचे शंभरेक लिटर पाणी आधीच खर्ची पडलेले, शिवाय तीसेक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत.

सौर विजेला पाणी लागते ते प्लेटा धुण्यापुरते. शिवाय ती दिवसा मिळते. रात्री दोनला लाइट आली म्हणून बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या धाकात दारे धरायला गेलेल्या माणसाला ‘कार्बन उत्सर्जन’ सांगू नये. ‘दिवसा लाइट’ म्हणावे. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना याच मागणीवर उभी आहे.

अडते ते जमिनीपाशी. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. काळ्या कसदार रानावर नुसत्या प्लेटा पसरणे मला पटत नाही, म्हणून विद्यापीठातला हा प्लेटांच्या सावलीतल्या पिकांचा अभ्यास मोलाचा वाटतो. मे महिन्यात इथे पारा ४४ अंशांवर जातो. प्लेट तापली की दर अंशाला तिची वीज साधारण ०.४ टक्क्याने घटते. खालचे हिरवे पीक तिला थोडा गारवा देऊ शकते. पालेभाज्या, हळद, आले थोडी सावली सोसतात. कापूस, सोयाबीन मात्र उन्हाचे भुकेले. आणि ज्वारी? ती तर माणसाच्या डोक्यावर जाते. तिच्यासाठी खांब उंच हवेत. खांब उंच तर लोखंड जास्त, लोखंड जास्त तर युनिट महाग. त्यात पावसाळ्यात फुगणारी अन् उन्हाळ्यात भेगाळणारी आमची काळी माती खांबांच्या पायाला स्वस्थ बसू देत नाही.

याच विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापरावरही संशोधन चालते. हसू नका : बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती भरते, आणि प्लेटांच्या दोन रांगांमधून कोळपे न्यायला ट्रॅक्टरपेक्षा तीच सोयीची पडेल.

एक प्रश्न मात्र कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही. रान प्लेटांसाठी भाड्याने दिले की भाडे जमीनमालकाला मिळते. तेच रान बटाईने कसणाऱ्याला प्लेटांखाली जागा मिळेल का, हे करारपत्रात कोण लिहिणार?