चूक वाचणारा टॅब

पाटी ते पडदा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण क्यूआर कोडपाशी थांबलो होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते छापूनच येऊ लागले आणि २०२० मध्ये डिसले गुरुजींना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. कोड स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ हजर, ही सोय मोठीच आहे. पण समोरच्या मुलाला त्यातलं काय कळलं नाही, हे त्या व्हिडिओला कळायला मार्ग नसतो. आजचा विषय नेमका तोच: मुलाचं अडतं कुठे, हे टॅबला कळतं का?

तिसरीतल्या मुलाला ५२ वजा २७ हे उभ्या मांडणीचं गणित घाला. उत्तर ३५ आलं, तर लाल पेनाची फुली मारण्याआधी क्षणभर थांबा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. मग पाचातून दोन. लहान अंक मोठ्यातून वजा करायचा, हा त्याचा नियम आहे आणि तो नियम तो इमानेइतबारे पाळतोय. ८१ वजा ४६ दिलं तर ४५ लिहील. शेजारच्या मुलीने ५२ वजा २७ चं उत्तर २४ लिहिलं, तर ती बोटं मोजताना घसरली असणार. दोघांच्या वहीत फुली सारखीच, पण औषध वेगळं. तिला थोडा सराव पुरे. त्याला मात्र दशक सुटा करणं पुन्हा पहिल्यापासून, काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायला हवं. त्याला तसलीच वीस गणितं गृहपाठाला दिली, तर चुकीचा नियमच घोटून पक्का होईल.

चांगल्या शिक्षकाला हे सगळं माहीत असतं. पण चाळीस वह्या समोर असताना प्रत्येक फुलीमागचं कारण शोधायला वेळ कुठून आणायचा? इथे नीट बनवलेलं अ‍ॅप उपयोगी पडतं. ३५ हे उत्तर येताच ते ६८ वजा २३ विचारतं. ते बरोबर आलं की ४० वजा १७. त्याचं उत्तर ३७ आलं, की निदान पक्कं. मग पुढचा पाठ न उघडता ते मुलाला दशक-एककाकडे परत नेतं.

यातली मेहनत पडद्यात नसते, प्रश्नांत असते. ३.५ मोठा की ३.२७, असं विचारलं की पुष्कळ मुलं ३.२७ म्हणतात, कारण सत्तावीस पाचापेक्षा मोठे. हा गैरसमज ठाऊक असलेल्या माणसानेच तो प्रश्न लिहायला हवा. आपल्याकडे तर त्यात आणखी एक भर: ‘त्रेपन्न’ ऐकून मूल ३५ लिहितं, कारण तीन आधी ऐकू येतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं तेव्हा उठलेला गदारोळ आठवत असेल. त्यामागची अडचण हीच होती. इंग्रजी अ‍ॅपची नुसती मराठी करून दिली, तर ही चूक त्याच्या हिशेबातच नसते. आणि आपली चर्चा होते ती यंत्राची. २०११ साली ‘आकाश’ टॅब आला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी २,२७६ रुपये हीच गोष्ट होती.

चूक वाचून शिकवण्याने खरंच फरक पडतो का? याचा सर्वांत चांगला पुरावा दिल्लीचा आहे. अहमदाबादच्या ‘एज्युकेशनल इनिशिएटिव्हज’ या संस्थेचं ‘माइंडस्पार्क’ नावाचं सॉफ्टवेअर २०१५ मध्ये तिथे शाळेनंतरच्या केंद्रांत वापरलं गेलं. सरकारी शाळांतल्या ६१९ मुलांमधून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना प्रवेश दिला. अभ्यासकांना आधी दिसलं ते हे, की सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं आणि पुस्तक मात्र सहावीचंच उघडलेलं. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला तो जिथे होता तिथून उचललं. साडेचार महिन्यांनंतर या मुलांची गणितातली प्रगती केंद्राबाहेरच्या मुलांच्या दुपटीहून अधिक भरली. पण एक गोष्ट विसरू नये. रोजच्या दीड तासातला निम्मा वेळच संगणकासमोर जायचा; उरलेल्या वेळात मुलं गटाने एका ताईदादाजवळ बसायची.

टॅब नुसता घरी दिल्याने हे होत नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी हाताळला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. शाळेतल्या टॅबची कथा वेगळी. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली की फुटला तर भरून कोण देणार, या धास्तीने तो कपाटात जातो. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. वसुलीची भीती काल्पनिक नसते.

दिल्लीच्या अभ्यासातला मला सर्वांत बोलका वाटतो तो निकाल मात्र फारसा सांगितला जात नाही. शाळेच्या परीक्षेत या मुलांचे हिंदीचे गुण वाढले, गणिताचे जवळपास जिथल्या तिथे राहिले. कारण उघड आहे. सातवीतलं मूल चौथीचा भागाकार शिकून आलं, तरी सातवीच्या पेपरात तो विचारलाच जात नाही. पालक प्रगतिपुस्तक बघून म्हणणार, ‘एवढा टॅबवर बसतो, उजेड काय पडला?’ आणि अभ्यासक्रम मार्चआधी संपवायचा असलेले सर त्याला तीन इयत्ता मागे नेणार कसे? माझ्या मते यंत्रणेला अडचणीचा प्रश्न हाच आहे, आणि तो सोडवायचा तर टॅबखरेदीच्या निविदेऐवजी वेळापत्रकाला आणि प्रश्नपत्रिकेला हात घालावा लागेल. दिवसातला एक तास इयत्ता विसरून, पातळीप्रमाणे गट पाडून शिकवला, तर त्याला अधिकारी ‘वर्ग सोडून काय चाललंय’ असं विचारणार नाहीत, एवढी तरी हमी शिक्षकाला हवी.

पुढच्या आठवड्यात : मूल मोठ्याने वाचत असताना ऐकणारी अ‍ॅप्स, आणि त्यांना आपल्या बोलींतले उच्चार कितपत कळतात.