मायाविनी की मानिनी? नाथ-महानुभाव कथांतील योगिनींच्या हेतूंचा आणि नीतीचा विचार

अद्भुत कथेतील मायावी स्त्रीविषयी वाचकाचे मत सहसा कथा संपण्यापूर्वीच ठरलेले असते. नायक तपस्वी असेल तर त्याच्या वाटेत येणारी स्त्री मोहिनी ठरते. तिच्याजवळ विद्या असेल तर ती चेटकीण ठरते. तिला काय हवे होते, ते तिने कोणत्या मार्गाने मागितले आणि तिच्या कृतीने कोणाचे काय बिघडले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. पनवेल येथे पदव्युत्तर वर्गात नाथ संप्रदायाचे वाङ्मय शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मैनाकिनीने नेमका कोणता अपराध केला?" प्रश्न साधा होता, पण त्याचे सरळ उत्तर त्या क्षणी देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा शोध आहे. त्यासाठी मराठी परंपरेतील दोन कथा विचारात घेतल्या आहेत : 'लीळाचरित्रा'च्या परंपरेतील कामाख्येची आणि 'नवनाथ भक्तिसारा'तील मैनाकिनीची.

विवेचनाच्या सोयीसाठी हेतू, साधन आणि परिणाम या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. हेतू म्हणजे पात्राला काय हवे आहे. साधन म्हणजे ते मिळविण्यासाठी पात्र काय करते. परिणाम म्हणजे त्यातून इतरांचे काय होते. या तिन्हींची गल्लत झाली की नैतिक निर्णय कथेतील कृतींवर न बसता पात्राच्या जातकुळीवर बसतो. यांच्या जोडीला चौथाही एक प्रश्न आहे. तो म्हणजे ही कथा कोण आणि कोणासाठी सांगत आहे.

१. कामाख्या : मागणी आणि नकार

यादवकाळात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त आणि महानुभाव परंपरेत चक्रधरांच्या पूर्वावताराची, म्हणजे द्वारावतीच्या चांगदेव राउळांची, कथा येते. त्यांची कीर्ती ऐकून कामाख्या नावाची हठयोगिनी द्वारावतीस आली आणि तिने त्यांच्याजवळ संगाची मागणी केली. चांगदेवांनी ती मान्य केली नाही. सात दिवस ती हटली नाही. अखेर त्यांनी देहत्याग केला आणि भडोच येथील प्रधानपुत्र हरिपाळदेव याच्या मृत देहात प्रवेश केला. हाच देह पुढे चक्रधर म्हणून ओळखला गेला.

येथे हेतू स्पष्ट आहे. ती कामना आहे आणि ती लपविलेली नाही. कपटवेष, जडीबुटी, मंत्रप्रयोग यांपैकी कशाचाही आश्रय कामाख्या घेत नाही. ती थेट मागते. आजच्या दृष्टीने तिच्यावर येऊ शकणारा आक्षेप एकच आहे : नकार मिळाल्यानंतरही ती दाराशी बसून राहिली. हा आक्षेप खरा आहे आणि तो सौम्य करण्याचे कारण नाही. नकाराचा मान राखणे ही नीती स्त्रीला जितकी लागू आहे तितकीच पुरुषालाही आहे. मात्र हा दोष आग्रहाचा आहे, जादूचा नाही, हेही त्याच वेळी नोंदविले पाहिजे.

कथेच्या रचनेत कामाख्येचे काम एक वळण निर्माण करण्यापुरते आहे. अवतार एक देह सोडून दुसरा घेतो, त्याला काहीतरी निमित्त हवे असते आणि ते निमित्त ती होते. निमित्त साधताच कथा तिला विसरते. देह पडल्यानंतर तिला काय वाटले, ती कोठे गेली, यात कथेला रस नाही. तिच्या नीतीविषयी आपले मत एकांगी राहते ते यामुळे. निवाड्याला आवश्यक असलेली तिची बाजू कथेत नोंदलेलीच नाही. येथे विसंगती अशी की ज्या पंथाच्या प्रारंभकथेत योगिनी ही बाधा म्हणून येते, त्याच पंथाने बाइसा, महदाइसा यांसारख्या स्त्रियांना परमार्थात मानाचे स्थान दिले. 'धवळे' रचणारी महदाइसा आद्य मराठी कवयित्री मानली जाते. त्यामुळे या कथेवरून सरसकट स्त्रीद्वेषाचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

२. मैनाकिनी : शाप, वर आणि शब्द

धुंडीसुत मालू याने शके १७४१ (इ. स. १८१९) मध्ये पूर्ण केलेला चाळीस अध्यायांचा 'नवनाथ भक्तिसार' हा मराठीतील अद्भुतकथांचा एक मोठा संग्रहच आहे. घरोघरी त्याचे पारायण होते आणि अखेरच्या अध्यायात प्रत्येक अध्यायाच्या पठणाचे फळही सांगितले आहे. त्यामुळे या ग्रंथातील पात्रांविषयीचे निवाडे पोथीबाहेरच्या लोकमानसातही उतरले आहेत.

लोकमानसातील मैनाकिनी ही मच्छिंद्रनाथाला भुलवून स्त्रीराज्यात अडकवून ठेवणारी मायाविनी आहे. पोथी काळजीपूर्वक वाचली तर चित्र वेगळे दिसते. मैनाकिनी मूळची सिंहलद्वीपाची. उपरिचर वसूच्या शापामुळे ती स्त्रीराज्यात येते. मारुतीच्या भुभुःकारामुळे त्या राज्यात पुरुष टिकत नाही. या अवस्थेला कारणीभूत असलेल्या मारुतीलाच ती पुरुषसंगाचा वर मागते. मारुती ब्रह्मचारी असल्याने तो स्वतःऐवजी मच्छिंद्रनाथाला पाठविण्याचे वचन देतो. मच्छिंद्र मारुतीच्या शब्दात बांधलेला असल्याने तेथे जातो.

म्हणजे मच्छिंद्राला स्त्रीराज्यात नेणारे तीन दुवे आहेत : वसूचा शाप, मारुतीचे वचन आणि मच्छिंद्राने मारुतीला दिलेला शब्द. तिन्ही पुरुषांचे आहेत. मैनाकिनीने केली ती आराधना आणि मागणी. 'माया' या शब्दाने सूचित होणारे चेटूक या साखळीत कोठेच नाही. पुढे गोरक्ष गुरूच्या शोधात येतो, कलिंगा नर्तकीच्या मेळ्यातून राजवाड्यात शिरतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला जागे करतो. मैनाकिनी तेव्हा पतीला आणि पुत्र मीननाथाला राखण्यासाठी धडपडते, गोरक्षालाही तेथेच गुंतविण्याचे प्रयत्न करते. हे प्रयत्न निर्दोष नाहीत, पण त्यांचा हेतू संसार टिकविण्याचा आहे. तीच धडपड एखाद्या पतिव्रतेच्या आख्यानात आली असती तर तिला निष्ठा म्हटले गेले असते.

आता साधनांची तुलना करावी. गुरूने मीननाथाला धुऊन आणण्यास सांगितले असता गोरक्ष त्या आज्ञेचा शब्दशः अर्थ घेतो, बालकाला मारून टाकतो आणि नंतर विद्येच्या बळावर पुन्हा जिवंत करतो. सोन्याची वीट फेकून देऊन तो डोंगरच सोन्याचा करून दाखवितो. नाथांची शाबरी विद्या अस्त्रे सोडते, देवतांना खिळवून ठेवते, माणसांना शासन करते. परिणामांच्या दृष्टीने पाहिल्यास या कथाचक्रात नाथांच्या हातून होणारी हिंसा मैनाकिनीच्या हातून झालेल्या कोणत्याही गोष्टीपेक्षा अधिक आहे. तरीही एकाच्या सामर्थ्याला 'सिद्धी' म्हणतात आणि दुसरीच्या असण्यालाच 'माया' म्हणतात. भेद कृतीत नसून नामकरणात आहे.

३. बाधा होण्यापूर्वीची योगिनी

हे नामकरण कसे झाले असावे, याचा माग प्राचीन साधनाग्रंथांत लागतो. मत्स्येंद्रनाथाच्या नावावर असलेला 'कौलज्ञाननिर्णय' हा संस्कृत ग्रंथ प्रबोधचंद्र बागची यांनी १९३४ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केला. कामरूपात योगिनींच्या घरोघरी ही विद्या नांदते, असा भाव त्यात व्यक्त झाला आहे. मत्स्येंद्राचा संबंध या योगिनीकौल परंपरेशी जोडला जातो. म्हणजे या धारेत योगिनी ही साधकाच्या मार्गातील बाधा नव्हती. विद्या तिच्या घरी होती.

गोरक्षाच्या नावाने दृढ झालेल्या नाथपंथाने ब्रह्मचर्य आणि हठयोग यांना केंद्रस्थानी आणले. जुन्या कौल साधनेशी आदिगुरूचा असलेला संबंध नव्या पंथाला अवघड वाटणे स्वाभाविक होते. गुरूला नाकारता येत नव्हते. तेव्हा गुरू 'भुलला' आणि शिष्याने त्याला 'सोडविले', ही कथा दोहोंची सांगड घालते. या कथेत कोणाला तरी भुलविणारी व्हावे लागते आणि ती भूमिका विद्या धारण करणाऱ्या स्त्रीकडे जाते. बंगाली 'गोरक्षविजया'त हा दोष काही अंशी मीननाथाच्या स्वतःच्या वासनेवर येतो. गौरी सिद्धांची परीक्षा घेते, तीत तो उणा पडतो आणि कदलीच्या देशात जातो. मालूच्या पोथीत गुरूचा दोष वचनपालनात विरघळतो. दोन्ही ठिकाणी गुरूची प्रतिष्ठा राखण्याची चिंता आहे. राणीच्या प्रतिष्ठेची चिंता कोणालाच नाही.

विसाव्या शतकात व्ही. शांताराम यांच्या 'मायामच्छिंद्र' (१९३२) या प्रभातच्या बोलपटाने या कथेला आणखी एक वळण दिले. दुर्गा खोटे यांनी रंगविलेली पुरुषद्वेष्टी राणी तेजस्वी आहे, पण अखेरीस सारे स्त्रीराज्य गुरूने शिष्यासाठी रचलेली माया ठरते. राणीवरील आरोप येथे मिटतो, कारण राणीच मिटते. निर्दोष ठरण्यासाठी तिला अस्तित्वच गमवावे लागते.

४. दोन सोप्या वाचनांचा धोका

या कथांचे पहिले सोपे वाचन सांप्रदायिक आहे : स्त्री म्हणजे मोह, योगी म्हणजे विवेक. दुसरे सोपे वाचन अलीकडचे आहे : योगिनी म्हणजे बंडखोर, म्हणून तिचे सर्वच योग्य. पहिले वाचन संहितेत नसलेला अपराध तिच्यावर लादते, तर दुसरे संहितेत असलेला आग्रह पुसून टाकते. दोन्ही वाचनांत ती व्यक्ती उरत नाही. कामाख्येचा आग्रह आणि मैनाकिनीची गुंतविण्याची युक्ती या दोषांना त्यांच्या मापाचेच नाव दिले पाहिजे. तसेच त्यांची कामना, एकाकीपणा आणि मागण्याचे धैर्य यांनाही त्यांच्या मापाचे स्थान दिले पाहिजे.

हा विवेक केवळ वाङ्मयीन नाही. आपल्या भाषेत 'भगत' आणि 'मांत्रिक' हे शब्द भीतीबरोबर आदरही वाहतात. 'डाकीण' आणि 'चेटकीण' हे शब्द केवळ आरोप वाहतात. तंत्रपरंपरेत पूज्य असलेली डाकिनी बोलीत 'डाकीण' होऊन आली ती असा आरोप होऊनच. सातपुड्याच्या परिसरात आणि इतरत्रही या शब्दाने स्त्रियांची घरे उद्ध्वस्त झाली आहेत, काहींचे प्राणही गेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली; त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा कृतीला शासन करू शकतो. शब्दात साठलेला निवाडा तपासण्याचे काम मात्र भाषा आणि साहित्य शिकविणाऱ्यांचे आहे. गावात डाकीण ठरविताना जी तर्कपद्धती वापरली जाते, तिचे स्वरूप पोथीतील मैनाकिनीला मायाविनी ठरविणाऱ्या वाचनासारखेच असते : अनर्थ आधी घडतो, कारण नंतर शोधले जाते आणि ते एकट्या स्त्रीपाशी येऊन थांबते.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. मैनाकिनीचा अपराध पोथीत सापडत नाही. सापडते ती तिची मागणी, आणि मागितलेले जपण्याची तिची धडपड. अपराध तिच्या नावाला चिकटला तो पोथी ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्यांच्या परंपरेत. म्हणून अशा कथा वर्गात शिकविताना पात्राला विशेषण देण्यापूर्वी त्याच्या कृतींची यादी विद्यार्थ्यांकडून फळ्यावर लिहून घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. यादी पूर्ण झाल्यावर विशेषण निवडावे. अनेकदा ते बदललेले असते.