नवरा-बायको आणि 'सी' कावीळ

वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला तेथे बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. बंजारा स्त्रियांत गोंदून घेण्याची जुनी रीत आहे. गोंदण्याचा हिपॅटायटिस 'सी'शी काय संबंध? एकच सुई न उकळता अनेकांना वापरली, तर एकाच्या रक्तातील विषाणू दुसऱ्याच्या कातडीखाली पोचू शकतो. हा रोग मुख्यतः रक्तातून पसरतो, एवढे आधी पक्के करू.

आता नाजूक प्रश्न. विवाहित स्त्रीच्या तपासणीत 'सी' निघाला, की घरात पहिला संशय चारित्र्याचा घेतला जातो. (पुरुषाबाबत असा संशय सहसा कोणी घेत नाही!) हा संशय कितपत टिकतो? अमेरिकेत एकमेकांशी एकनिष्ठ अशा 500 जोडप्यांचा अभ्यास झाला. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडप्यात एकाला लागण होती, एचआयव्ही मात्र नव्हता. 20 जोडीदारांतही लागणीच्या खुणा आढळल्या. पण दोघांच्या विषाणूंची जनुके ताडून पाहता अगदी जवळचे नाते फक्त 3 जोडप्यांत दिसले. हिशेब केला तर सुमारे 1,90,000 संबंधांमागे फार तर एकदा लागण होते.

मग धोका वाढतो कशाने? जेथे नाजूक त्वचेला इजा होऊन रक्ताचा रक्ताशी संपर्क येतो तेथे. गुदमैथुन, गुप्तांगावरील व्रण, पाळीच्या दिवसांतील संबंध, अनेक जोडीदार, आणि विशेषतः एचआयव्हीची लागण. 2000 सालानंतर युरोपातील शहरांत एचआयव्हीबाधित समलिंगी पुरुषांमध्ये 'सी'चे उद्रेक झाले, ते याच वाटेने. अशा ठिकाणी निरोध हवाच. एकनिष्ठ जोडप्याने मात्र वस्तरा, ब्लेड, दात घासण्याचा ब्रश वेगळा ठेवण्याकडे अधिक लक्ष द्यावे. एका ताटात जेवल्याने हा रोग होत नाही.

त्या स्त्रीला बाळंतपणात पूर्वी कधी रक्त चढवले होते का, हेही विचारायला हवे. आपल्याकडे रक्तपेढ्यांत 'सी'ची तपासणी 2001 पासून सक्तीची झाली आणि हा रोग वीस-तीस वर्षे मुकाट राहू शकतो. लस नाही, पण साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले 95 हून अधिक रोगी बरे होतात. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. पहिली चाचणी प्रतिद्रव्यांची असते आणि बऱ्या झालेल्यांतही ती द्रव्ये राहतात. म्हणून विषाणूची दुसरी चाचणी झाल्याशिवाय कोणालाही रोगी म्हणू नये.