दुष्काळाकडे परत जाताना
लेखमाला : सेवेची वाट • लेखांक ५

भुसावळ जंक्शन म्हणजे जामनेरकरांच्या रोजच्या पायाखालचं. मध्य प्रांतातून मुंबईकडे येणारा लोहमार्ग १८९६ सालीही भुसावळ-जळगाववरूनच जात होता. त्या वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि त्याची बातमी पुण्यात शारदासदनापर्यंत पोचली. विधवा आणि निराधार मुलींसाठी पंडिता रमाबाईंनी चालवलेली ती संस्था. घरच्याच मुलींचा खर्च भागवताना ओढाताण व्हायची. चार पैसे मदतीला धाडले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. रमाबाई मात्र स्वतः निघाल्या.

त्यांना हे जाणं इतरांपेक्षा जड होतं, कारण दुष्काळ त्यांनी अंगावर काढला होता. १८७४ साली रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत गावोगाव फिरायचे. होतं नव्हतं ते दानधर्मात संपलं आणि तिरुपतीजवळच्या रानात हे कुटुंब अन्नाविना अडकलं. अकरा दिवस, अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. शास्त्र्याच्या मुलानं मजुरी करायची, ही त्या घरात केवढी मोठी गोष्ट! वडिलांनी जलसमाधीचा विचार सोडला, पण थोड्याच दिवसांत ते गेले. मागोमाग आई गेली, पुढे बहीण कृष्णाबाई.

अशा बाईनं पुन्हा दुष्काळाच्या मुलखात पाऊल टाकायचं, तर बळ आणायचं कुठून?

हे बळ त्यांना ख्रिस्ती श्रद्धेतून मिळालं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पण ख्रिस्त आपला स्वतःचा तारणारा आहे ही खात्री आपल्याला बऱ्याच वर्षांनी पटली, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. एप्रिल १८९६ मध्ये त्या पंधरा मुलींना घेऊन लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला गेल्या होत्या. पहाटे एकांतात प्रार्थना करताना त्यांच्या मनात आलं, या पंधराचा वर्ग मागावा. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे २२५ मुली! घरात तेवढी जागा नव्हती, गाठीला तेवढा पैसा नव्हता. काही महिन्यांनी दुष्काळ आला, तेव्हा मागणं आपण केलं होतं आणि उत्तर दारात उभं आहे, असंच त्यांनी मानलं. जुन्या आठवणी पुसल्या गेल्या नाहीत. उलट त्याच आठवणींमुळे भुकेल्या मुलीची अवस्था त्यांना सांगावी लागली नाही.

मध्य प्रांतात त्यांना हाडांचे सापळे झालेल्या मुली दिसल्या, आणि त्या मुलींना फूस लावून पळवणारी माणसंही. उपासमारीपेक्षा हे दुसरं संकट त्यांना जास्त भयंकर वाटलं. दुष्काळ ओसरेपर्यंत सुमारे ३०० मुली त्यांच्या आसऱ्याला आल्या होत्या.

इतक्यात पुण्यात प्लेग पसरला. नव्या मुलींना शहरात ठेवायला सरकारी मनाई झाली. देव राखील म्हणत रमाबाई तिथेच अडून बसल्या नाहीत; त्यांनी मुली केडगावच्या शेतावर हलवल्या. तिथं धड इमारतही नव्हती. प्रार्थना चालू होती आणि आडोसे उभारणंही चालू होतं. श्रद्धाळू माणसानं साथीला भिऊ नये असं सांगणारे आजही भेटतात. त्यांनी रमाबाईंची ही कृती जरूर पाहावी.

सरकारची भीती हा आणखी वेगळा प्रकार. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल, आपल्या आश्रमातल्या एका मुलीचं उदाहरण देऊन, १८९७ साली त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. परदेशातल्या देणग्यांवर संस्था चालवणाऱ्या एकट्या बाईला गप्प बसणं सोयीचं होतं, तरी त्या बोलल्या. माझ्या मते त्यांच्या धैर्याचा हा सर्वांत कठीण भाग.

१८९९-१९०० चा छपन्नचा दुष्काळ खानदेशालाही भाजून गेला. त्या वेळी गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि केडगावच्या त्याच शेतावर उभ्या राहिलेल्या मुक्ती मिशनमध्ये राहणाऱ्यांची संख्या २,००० च्या घरात पोचली. शिवणकाम, विणकाम, छपाई, शेती असं हाताला काम देऊन हा संसार रमाबाईंनी १९२२ साली मृत्यू येईपर्यंत ओढला.

पुढच्या आठवड्यात आपल्याच तापी खोऱ्यात जाऊ. सुरत-भुसावळ मार्गावरच्या चिंचपाड्याला, नवापूरच्या आदिवासी पट्ट्यात, १९४२ साली सुरू झालेल्या ख्रिस्ती रुग्णालयाची हकिगत तेव्हा पाहू.